दोन काठांवरचे चतुर

"दादा, हा लालवाला मिरच्या होय ना गा?" शालिकनं बोट दाखवलं.

नाईक तलावाच्या पायरीजवळ लव्हाळ्याची एक वाळकी काडी पाण्यातून वर आली होती. तिच्या टोकावर तांबडा चतुर बसला होता. नत्थूजीनं मान पुढं केली. हात मात्र पाठीमागंच धरून ठेवले. हात हलला की चतुर उडतो.

"लाल दिसला का मिरच्या म्हणतं. रंग काहून पाह्यतं पहिले? कमर पाह्य. मिरच्याची कमर चपटी राह्यते, पट्टीवानी. याची बारीक हाये. न पंखाच्या शिरा पाह्य, त्याबी लाल. हा गुलाली."

"वहिनी असती त मले एक चापट मारली असती."

"मारलीच असती."

दोघं हसले. चतुर उडाला, पाण्यावर एक फेरी मारून पुन्हा त्याच काडीवर येऊन बसला.

अनुसयाला जाऊन या कार्तिकात वर्ष होणार होतं. ती गेल्यापासून नत्थूजी माग लवकर थांबवायचा आणि ऊन उतरायच्या आत तलावावर येऊन बसायचा. शालिकराम, त्याचा धाकटा भाऊ, गल्लीच्या दुसऱ्या टोकाला राहायचा. तोही येऊन बाजूला बसायचा. शालिकला चतुरांचं काही पडलेलं नव्हतं. लहानपणी त्यानं त्यांच्या शेपटीला दोरे बांधून खेळ केला होता, तेवढीच ओळख. पण आता तो रोज विचारायचा, हा कोणता, तो कोणता. नत्थूजीला कळत होतं, दादानं दोन शब्द बोलावे म्हणून तो विचारतो. भाऊ असावा तर असा, असं त्यानं शेजारच्या गोदूबाईजवळ बोलूनही दाखवलं होतं. तेव्हा गोदूबाई नुसतं हूं म्हणाली होती.

"उद्या सत्या येऊन राहिली उमरेडवरून," शालिक उठताना लेकीबद्दल म्हणाला. "लग्नानंतरची पहिली दिवाळी."

"मंग माह्याकडं पाठव तिले. तिच्या मोठ्यामायच्या हातच्या करंज्या नाहीत, पण चिवडा हाये."

शालिक धोतर झटकून निघाला.

*

चतुर ओळखायला नत्थूजी बायकोकडून शिकला. अनुसया रामटेकच्या बाजूच्या एका धानाच्या गावची. बांधावर बसून पाखरं हाकायचं काम तिच्याकडं असे, आणि पाखरं नसली की चतुर बघायचे. लग्न होऊन कोष्ट्याच्या घरी आली, सुताच्या कांड्या भरायला शिकली, पाजणीत सुताला खळ देताना ताणा धरायला शिकली. पण सूत धुवायला तलावावर गेली की तिची नजर पाण्यावरच असायची.

"पहिले बसते कसा ते पाहा," ती नवऱ्याला सांगायची. "पंख मिटून बसला त ते टाचणी. पसरून बसला त चतुर. मंग डोळे. टाचणीचे डोळे अलग अलग, चतुराचे बहुतेक चिपकून. मंग कमर. मंग पंख, पंखाच्या टोकावरचा तीळ. न रंग सगळ्याच्या शेवटी."

"रंगच त पहिले दिसते वं."

"म्हणूनच. कोवळा असते तवा सगळाच पिवळा. म्हातारा झाला का कोणी निळा, कोणी लाल. रंग फसवते. वीण नाही फसवत. तुम्ही विणकर ना? मंग?"

त्या दोघांनीच नावं ठेवली होती. दगडाच्या पायरीवर दगडासारखाच होऊन बसणारा तो भिंत्या. कधीच न बसणारा, पावसाळ्यात थव्यानं येणारा तो आभाळ्या. आणि धानात असणारे दोन: एकाच्या पंखाचा बुडाचा भाग काळा, मग पांढरा पट्टा, मग पुढं काचेसारखा, तो अर्धकाळ्या. दुसरीचा पंख हळदीसारखा पिवळा, टोकाला काळा डाग, ती हळदी.

यांच्यावरून नवराबायकोचं भांडण बरेच दिवस चाललं. नत्थूजी म्हणायचा, या दोन जाती. अनुसया म्हणायची, हे नवराबायको.

"काहीबी सांगतं. दोघायचा पंख तरी जुळते का?"

"तुमचा न माहा रंग तरी जुळते का? मी कोळशावानी, तुम्ही गव्हावानी. लोकायनं आपल्यालेबी दोन जाती म्हणाव का?"

मग एका अश्विनात, सासुरवाडीच्या बांधावर, नत्थूजीनं स्वतः पाहिलं. अर्धकाळ्यानं शेपटीनं हळदीची मान धरली होती. दोघं तशीच जोडीनं उडत होती. थोड्या वेळानं त्यानं तिला सोडलं. ती पाण्याला शेपूट लावून अंडी टाकू लागली आणि तो तिच्या डोक्यावर हवेत थांबून राहिला, दुसरा कोणी आला की त्याला हाकलत. त्या दिवशी परतताना अनुसया बंडीत बसून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "कोणीतरी हारलं वं बाई आज." गाडीवानालाही ते ऐकून हसू आलं होतं.

त्या हरण्याची भरपाई म्हणून नत्थूजीनं एक लुगडं विणायचं ठरवलं. सूत तेव्हा सरकारी कंट्रोलचं होतं, मोजून मिळायचं. त्यानं थोडं थोडं वाचवत ठेवलं. हिरव्या अंगाचं नऊवारी लुगडं मागावर चढवलं आणि दोन काठ दोन तऱ्हेचे विणले. एका काठावर अर्धकाळ्याचे पंख, पांढऱ्या पट्ट्याच्या जागी रेशमाचा धागा. दुसऱ्या काठावर हळदीचे, पिवळ्या रेशमात. एकेक पंख बोटानं धागा घालून उचललेला. कोष्ट्याच्या घरात असं कोणी करत नाही. एका लुगड्याचे दोन काठ जुळले नाहीत तर ती चूक समजतात. इतवारीतल्या पेढीवरचा मुनीम ते बघून म्हणाला होता, "नत्थूजी, भांग घेऊन बसला होता का मागावर? एक काठ एका लुगड्याचा, एक दुसऱ्याचा."

"इकाले नाही आणलं. दाखवाले आणलं."

"मंग ठीक हाये. घरातच झाकून ठेव."

अनुसयाला खोकला लागला तो त्याच सुमारास. लुगडं घडी करून संदुकीत राहिलं. "त्रिपुरीच्या जत्रेले रामटेकले नेसून जाईन," ती म्हणायची. पुढं पुढं म्हणू लागली, "नाही जमलं त संग घेऊन जाईन. तुम्ही फक्त काढून द्या."

त्यानं काढून दिलं. ती गेली त्या सकाळी संदूक उघडून त्यानं लुगडं काढलं आणि गोदूबाईच्या हाती दिलं. धाकट्या भावाच्या बायकोशी मोठ्या दिराला, भासऱ्याला, बोलता येत नाही, म्हणून गोदूबाईला सांगितलं, "रुख्माले म्हणा, हेच नेसवा." शालिकची बायको रुख्मा आत बायकांबरोबर अनुसयाला न्हाऊ घालत होती. नत्थूजी गल्लीत बसून राहिला. माहेरचे लोक रामटेकवरून आले, त्यांनी पांघरायला हिरवं कापड आणलं. तिला बाहेर आणलं तेव्हा तोंड उघडं होतं, कपाळभर कुंकू होतं, आणि पायापाशी हिरवं दिसत होतं. त्यानं तेवढंच पाहिलं. नेसलं ते लुगडं, असं धरून चालला.

वर्षभर त्याच्यापाशी तेवढी एकच गोष्ट होती, की आपण दिलेला शब्द पाळला. माग चालवताना मन फिरू लागलं की तो स्वतःला सांगायचा, ती आपल्या लुगड्यात गेली.

*

सत्यवती दुसऱ्या दिवशी दुपारी आली. दारातूनच ओरडली, "मोठेबाबा!" आणि आत येऊन वाकली.

ती पायांवर वाकली, तेव्हा पदर नत्थूजीच्या पावलांवर पडला. काळं लुगडं होतं, चंद्रकळेसारखं. आशीर्वादाला हात वर गेला आणि तिथंच थांबला.

सुताला काळा रंग चांगला चढला होता. रेशमाला चढला नव्हता. काठावर मळक्या राखेच्या रंगाचा पट्टा होता, आणि त्याच्या एका बाजूला उचललेली वीण, दुसऱ्या बाजूला साधी. पंखाच्या टोकाशी तीळ. त्यानं नजर दुसऱ्या काठावर नेली. तिथं तांब्याच्या रंगाचे पंख होते. हळदीचे.

"काय झालं मोठेबाबा? आशीर्वाद देऊन नाही राहिले?"

"सुखी राह्य," तो म्हणाला.

"मी मुद्दाम हेच नेसून आली. माय म्हणे, येथं नको नेसू, खराब होईन. म्हटलं, ज्यानं विणलं त्यालेच नाही दाखवाव का? सासरी सगळ्या बाया इचारतात, दोन काठ अलग काहून? मी सांगतो, माह्या मोठ्याबाबानं लग्नात देल्लं, त्यायले इचारा." ती बसली, चिवड्याचं ताट ओढून घेतलं. "मायनं पाठवणीच्या वक्ताले पेटीत घातलं, म्हणे मोठीमायची आठवण म्हणून देल्लं तुम्ही."

नत्थूजीनं पाण्याचा लोटा तिच्यापुढं ठेवला. 

"काळं कोणी केलं?"

"मायनंच. हिरव्याले डाग होते म्हणे." तिनं काठ उचलून त्याच्यासमोर धरला. "पण हे पाहा ना. बंडीच्या खिळ्यात अडकलं. हा एक पंख उसवला. तुमच्याशिवाय कोणाले जमन? करून द्या ना गा मोठेबाबा."

तिच्या गळ्यात नवी पोत होती. ती लहान असताना तापानं फणफणली तेव्हा अनुसयानं तिला मांडीवर घेऊन रात्री काढल्या होत्या. अनुसयाला स्वतःचं मूल नव्हतं.

"ठेवून जाय," नत्थूजी म्हणाला. "सकाळी नेजो."

ती आत जाऊन अनुसयाचं खुंटीवरचं एक जुनं लुगडं नेसून आली, काळं लुगडं घडी करून मागावर ठेवलं आणि चिवड्याची मूठ भरून घेऊन गेली.

*

गोदूबाई अंगणात तांदूळ निवडत होती. नत्थूजी उभाच राहिला.

"गोदूबाई, त्या दिवशी तिले काय नेसवलं होतं?"

सूप थांबलं. गोदूबाईनं वर पाहिलं नाही.

"आता काहून इचारता?"

"इचारतो."

"ते इटकरी लुगडं नाही का, कांड्या भराची तवा नेसाची, ठिगळाचं. ते."

ठिगळ नत्थूजीनंच लावून दिलं होतं. मांडीवर लुगडं घासून घासून त्या जागी झिजलं होतं. म्हणजे पायापाशी दिसलेलं हिरवं माहेरच्या कापडाचं होतं.

"मी तुमच्या हाती देल्लं होतं ना?"

"मी देल्लं तिच्या हाती! देवाशपथ. देल्लं न पाणी तापवाले गेली. आली त हे जुनं नेसवून झालं होतं. इचारलं त रुख्मा म्हणे, भासऱ्यायनं मागून निरोप धाडला, कोरं कापड जाळू नका, पोरीच्या लग्नाले होईन." गोदूबाईनं आता वर पाहिलं. "म्हटलं, बाप्पा, बायको दारात पडली हाये न हा माणूस कापड वाचवून राहिला. वर्षभर तुमच्याशी बोलाले मन नाही झालं माहं. गल्लीतल्या सगळ्या बाया तेच म्हणतात."

नत्थूजीला तिचं ते हूं आठवलं.

"मी नाही धाडला निरोप."

"ते तुमच्या तोंडावरच दिसून राह्यलं." ती गुडघ्यावर हात देऊन उठली. "मी सांगतो आता एकेकीले. त्या रुख्मीच्या दारात उभी राहून सांगतो."

"नको."

"काहून नको गा? तुमचं नाव गेलं!"

"ते लुगडं सत्याच्या अंगावर हाये, गोदूबाई. तिच्या सासरी समजलं, का हे मयताच्या अंगावरचं चोरलेलं होय, त पोरीनं तोंड कोठं दाखवाव?"

गोदूबाई पुन्हा खाली बसली. सूप पुढं ओढून घेतलं.

*

ऊन कलल्यावर नत्थूजी तलावावर गेला नाही. लुगडं मांडीवर घेऊन बसला. नदीचा घाट काही फार लांब नव्हता. उठावं, हे काखेत मारावं, आणि जिथं तिला ठेवलं तिथं नेऊन पेटवावं. दिलेला शब्द वर्षानं का होईना पुरा होईल. कोणाला विचारायचं नव्हतं. कापड त्याच्या हातचं होतं, आणि आता त्याच्या हातात होतं.

दारात शालिक आला. त्याच्यामागं, उंबऱ्याबाहेर, डोळ्यांपर्यंत पदर ओढलेली रुख्मा भिंतीला लागून उभी होती.

"सत्या म्हणे, लुगडं तुह्यापाशी ठेवलं," शालिक म्हणाला.

"हाव."

शालिक आत आला, पण बसला नाही.

"तुले माहीत होतं?" नत्थूजीनं विचारलं.

"पहिले नव्हतं. घाटावरून आलो न, तवा आमच्या संदुकीत दिसलं."

"म्हणजे त्याच दिवशी."

"हाव."

"न दुसऱ्या दिवशीपासून तू माह्या बाजूले येऊन बसाले लागला."

"दादा, कंट्रोल होता. सत्याचं लग्न ठरलं होतं, घरात एक कोरं लुगडं नव्हतं. तिनं हातात घेतलं न तिचा जीव नाही झाला जाळाले. तूच सांग गा, कोष्ट्याच्या पोरीच्यानं असं काम आगीत घालवते का?"

हे खरं होतं. नत्थूजीच्यानंही दुसऱ्या कोणाचं काम आगीत घालवलं नसतं. म्हणून त्याला आणखी राग आला.

"मंग तेरवीले सांगाचं होतं. शिव्या देल्या असत्या मी. पण मले माहीत त असतं, तिले कायच्यात पाठवली. मी एक वर्ष कोणते चतुर जळताना पाहून राहिलो होतो रे शालिक?"

शालिक मागाच्या खड्ड्याकडं बघत म्हणाला, "सांगू सांगू म्हणून यायचो तलावावर. तू चतुर दाखवाचा. मंग जिभेवर यायचंच नाही."

बाहेरून रुख्माचा आवाज आला. ती नवऱ्याशीच बोलत होती, रीत होती तशी. "त्यायले सांगा, पाप माहं हाये. न्याव म्हणा घाटावर. मी पोरीले दुसरं घेऊन देईन."

नत्थूजीनंही भावाकडंच पाहून उत्तर दिलं. "तिले सांग, माह्या नावानं निरोप धाडाले नको होता. लुगडं नेलं ते नेलं. माहं नाव काहून नेलं?"

बाहेर बांगड्या वाजल्या, मग पावलं गेली.

"मी उद्या सत्याले समजावून..." शालिक म्हणाला.

"सत्याले काही सांगाचं नाही. जाय आता."

*

सकाळी उजेड चांगला आल्यावर नत्थूजीनं लुगडं मागाच्या काठीवर पसरलं. उसवलेला पंख हळदीचा होता. फडताळात एक कांडी होती, पिवळ्या रेशमाची, निम्मी. ती अनुसयानं भरली होती. शेवटी शेवटी तिचा हात थरथरायचा, त्यामुळं सूत कांडीवर कुठं जाड, कुठं पातळ गुंडाळलेलं होतं. ही कांडी त्यानं कशालाच वापरली नव्हती.

त्यानं सुईत धागा घातला. तुटलेले धागे एकेक करून काढले, नवे आत घेतले. टोकाशी काळा तीळ भरला. मान दुखेपर्यंत काम केलं. झालं तेव्हा ओळीतले बाकी सगळे पंख तांबट, मळके होते आणि मधला एकच पिवळाधमक होता.

सत्यवती आली. तिनं काठ हातावर घेतला. "बाप्पा! जसाच्या तसा! पण मोठेबाबा, हा एकच पिवळा दिसते."

"नवा धागा हाये."

"धुतल्यावर मिसळन बाकीच्यात?"

"नाही मिसळत तो. राहू दे तसाच."

ती हसली. "ओळखाले बरं. कोणी इचारलं त सांगीन, हा पंख मोठ्याबाबानं दिवाळीले देल्ला." ती वाकून पाया पडली. या वेळी त्याचा हात तिच्या डोक्यावर पूर्ण टेकला. काळं लुगडं काखेत घेऊन ती गल्लीतून गेली. गोदूबाईच्या ओट्यावर बसलेल्या बायांनी लुगड्याकडं पाहिलं, मग नत्थूजीच्या दाराकडं पाहिलं. तो दारातच उभा होता. ती वळणावरून दिसेनाशी झाल्यावर आत गेला.

दोनचार दिवस गेले. सत्यवती उमरेडला परतली. नत्थूजी पुन्हा तलावावर जाऊन बसू लागला. एकदा शालिक आला. पायरीवर नेहमीपेक्षा अंतर ठेवून बसला. थंडी पडू लागली होती, चतुर कमी झाले होते. 

मग लव्हाळ्यावर एक येऊन बसला. पंखाचा बुडाचा भाग काळा, मग पांढरा पट्टा, पुढं काच. ऊन तिरपं होतं, सगळं स्वच्छ दिसत होतं.

शालिकनं हळूच बोट वर केलं. "दादा, हा कोणता गा?"

नत्थूजीनं पाहिलं. बसण्याची तऱ्हा पाहिली, डोळे, कमर, पंख, टोकावरचा तीळ, सगळं क्रमानं पाहिलं.

"मले नाही माहीत," तो म्हणाला.

शालिकचं बोट थोडा वेळ तसंच वर राहिलं. मग त्यानं हात खाली घेतला. चतुर उडाला नाही.